राहतं घर आणि भाड्याचं घर: रेघ कुठे ओढायची?

२०२५ या एका वर्षात कोल्हापूरकडे माणसांचा ओघ वाढवणाऱ्या तीन गोष्टी घडल्या. मे महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने अंबाबाई मंदिराच्या सुमारे १,४४५ कोटींच्या आणि जोतिबाच्या सुमारे २५९ कोटींच्या विकास आराखड्याला मंजुरी दिली. ११ जुलैला पन्हाळा इतर अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत गेला. आणि १८ ऑगस्टपासून भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर या सरकारी रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांचे पक्षकार आणि वकील आता मुंबईऐवजी इथे येतात.

यातला निम्मा माणूस जरी रात्रीचा थांबला, तरी त्याला अंथरूण लागणार. लॉज आहेत, यात्री निवास आहेत. पण महाद्वार रोड, ताराबाई रोड, शिवाजी पेठ, मंगळवार पेठ या भागांत आता घरच्या खोल्या दिवसावारी देणं सर्रास सुरू झालंय. दारावर ‘घरगुती राहण्याची सोय’ असा कागद असतो, त्याखाली मोबाईल नंबर. काही घरं ॲपवर आहेत. बरीचशी कशावरच नाहीत. रिक्षावाला, ओटीचं ताट विकणारी बाई, पार्किंगमधला पोरगा यांच्या ओळखीवर चालतात.

या घरांची महापालिकेकडे नोंद झाली पाहिजे, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. आणि ही नोंद कशी असावी, हे एकाच प्रश्नाच्या उत्तरावर ठरावं: मालक त्या घरात स्वतः राहतो का? राहत असेल, तर नोंद एका पानाची, जवळजवळ फुकट, आणि त्या घराचा घरफाळा, म्हणजे मालमत्ता कर, निवासीच राहावा. राहत नसेल, तर तो लॉजचा धंदा आहे आणि त्याला लॉजचे सगळे नियम लागावेत. खोल्या किती, उत्पन्न किती, ॲपवर आहे की नाही, हे सगळे प्रश्न त्याच्यानंतरचे.

‘घरात पाहुणा घ्यायला परवानगी कशाला?’ हा यावरचा पहिला सवाल, आणि तो मी हलका मानत नाही. तीर्थक्षेत्राच्या गावात लोकांना घरात उतरवून घेण्याची रीत फार जुनी. जोतिबाच्या डोंगरावर आजही कित्येक गावांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या पुजाऱ्याच्याच घरी उतरतात. चैत्र यात्रेला सासनकाठी घेऊन येणाऱ्या गावाला आपला पुजारी कोण हे माहीत असतं आणि पुजाऱ्याच्या घरातल्या लहान पोरालाही कोणत्या गावची मंडळी आली ते ओळखू येतं. तिथे कुठलं रजिस्टर नव्हतं आणि त्याची गरजही पडली नाही, कारण दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांना बांधलेली होती. पुजाऱ्याने फसवलं तर गाव तुटणार, गावकऱ्याने गैर वागलं तर पुढच्या वर्षी त्याला तोंड दाखवायला जागा नाही.

आज फोनवर पैसे पाठवून संध्याकाळी सहाला येणारा आणि सकाळी सहाला जाणारा माणूस घरमालकाला आयुष्यात पुन्हा भेटणार नाही. शेजाऱ्यांना तर तो कोण हे कधीच कळणार नाही. ओळखीने जे काम केलं ते आता कागदाला करावं लागेल. यात परंपरेचा अपमान नाही. परंपरेत जो भरवसा होता, तो टिकवायचा दुसरा मार्ग मला दिसत नाही.

शिवाय अनोळखी माणसाला पैसे घेऊन उतरवणाऱ्याची नोंद असावी, हा विचार आपल्याकडे आजचा नाही. १८६७ चा सराई कायदा आहे. सराई चालवणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे नोंद करावी असं तो सांगतो. दुसरीकडे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा पाहा. कलम ५५ प्रमाणे अकरा महिन्यांसाठी खोली दिली, तरी करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी मालकाची, आणि चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची ती वेगळीच. परदेशी पाहुणा असेल तर चोवीस तासांत ऑनलाइन कळवावं लागतं. म्हणजे शिवाजी विद्यापीठात शिकायला आलेल्या, वर्षभर त्याच खोलीत राहणाऱ्या, गल्लीतल्या तालमीत गणपतीची वर्गणी देणाऱ्या मुलाचे कागद हवेत. आणि त्याच माडीवर दर रात्री बदलणाऱ्या माणसांचं कुणी काही विचारत नाही. हा उलटा न्याय आहे.

आता त्या रेघेकडे येतो, कारण सगळा वाद तिथे आहे.

पेठेतलं एक घर डोळ्यासमोर आणा. खाली सोपा, म्हणजे ओसरी, आणि दोन खोल्या, वर माडी. मुलं पुण्याला. घरात निवृत्त नवरा-बायको किंवा एकटी बाई. माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्या, त्या यात्रेकरूंना दिल्या जातात. रात्री अकराला वर गोंधळ झाला तर खालून हाक जाते. गल्लीतल्या लोकांना तक्रार कुणाकडे करायची ते ठाऊक असतं, कारण ज्याच्याकडे करायची तो माणूस सकाळी दुधाला बाहेर पडतो. पाणी संपलं तर मालकाचंही संपतं, म्हणून तो जपून वापरायला सांगतो. कचरा टिपरला देताना ओला-सुका कुणी केला नाही हे त्यालाच निस्तरावं लागतं. म्हणजे मालक तिथे राहतो या एका गोष्टीमुळे निम्मे नियम आपोआप पाळले जातात.

दुसरीकडे एखाद्या अपार्टमेंटमधला वन बीएचके. मालक दुसऱ्या गावी किंवा दुसऱ्या उपनगरात. अशा चार-पाच सदनिका एकाने घेतलेल्या किंवा भाड्याने उचललेल्या, किल्ल्या एका पोराकडे. त्या पोराला फोन लागला तर लागला. रात्री दोनला कुणीतरी चुकीची बेल वाजवतं, पार्किंगमध्ये बाहेरच्या गाड्या लागतात, लिफ्टमध्ये रोज नवे चेहरे. सोसायटीने तक्रार केली की उत्तर मिळतं, ‘माझा फ्लॅट मी भाड्याने दिलाय.’ सहकारी गृहनिर्माण संस्थेला भाड्याने देण्यापासून सभासदाला अडवता येत नाही, आणि मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं बिनभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे खरं. हे संरक्षण सभासदाला मिळालं ते योग्यच होतं. पण ते राहायला देण्यासाठी मिळालं आहे. रोज गादीवरची चादर बदलून नवा गिऱ्हाईक घेणं हा वापर वेगळा, आणि त्याला सोसायटीची संमती लागली पाहिजे.

या दोन्हींना आज लोक एकाच नावाने ‘होमस्टे’ म्हणतात, आणि त्यातच गल्लत होते. पहिल्याला जाचक नियम लावले तर ती बाई खोल्या बंद करील. दुसऱ्याला मोकळं सोडलं तर राहत्या इमारतींची लॉज होतील.

ही रेघ मी माझ्या मनाने ओढलेली नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या निवास-न्याहारी योजनेत एक ते सहा खोल्या चालतात, आणि मालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असलं पाहिजे अशी अट आहे. मात्र ती योजना ऐच्छिक आहे. ज्याला प्रतवारी हवी तो जातो. सक्तीची नोंद आणि तीही शहराच्या पातळीवर, हे परदेशातल्या काही शहरांनी केलं. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २०१५ पासून नियम आहे: वर्षातल्या किमान २७५ रात्री जो त्या घरात स्वतः राहतो त्यालाच ते थोड्या दिवसांसाठी देता येतं, आणि मालक घरात नसताना द्यायचं तर वर्षाला ९० रात्रींची मर्यादा. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून अधिक कडक पाऊल उचललं. तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचं तर महापौर कार्यालयाकडे नोंद हवी, मालक घरात हजर हवा, पाहुणे दोनच. आणि नोंद नसलेल्या घराचं बुकिंग घेणाऱ्या कंपनीवरही कारवाई. तिथल्या अशा घरांच्या जाहिराती त्यानंतर झपाट्याने कमी झाल्या. बार्सिलोनाने तर २०२८ पर्यंत सुमारे दहा हजार पर्यटक सदनिकांचे परवाने संपवायचं जाहीर केलं आहे.

या शहरांचे प्रश्न आपल्यासारखे नाहीत, म्हणून त्यांचे नियम जसेच्या तसे उचलून आणणं चूक ठरेल. दोन पाहुण्यांची मर्यादा कोल्हापुरात एक दिवसही टिकणार नाही. अंबाबाईला येणारी माणसं जोडप्याने येत नाहीत. जीप भरून येतात, आजी, सुना, पोरं, वर शेजारीण. मोठ्या खोलीत गाद्या टाकून दहा जण झोपतात आणि पहाटे दर्शनाच्या रांगेला लागतात. त्यांना स्वस्तात पडायला जागा हवी, आणि ती देणं हे शहराचं काम आहे. म्हणून आपल्याकडे मोजायची गोष्ट माणसं किंवा खाटा नसून संडास-बाथरूम आहे. पाहुण्यांसाठी एक वेगळं संडास-बाथरूम असेल तर अमुक माणसं, दोन असतील तर तमुक, असा नियम पेठेतल्या कुणालाही पटेल आणि तपासायलाही सोपा. थेट पाइपलाइनने काळम्मावाडी धरणाचं पाणी नोव्हेंबर २०२३ मध्ये शहरात आलं खरं, पण वरच्या गल्ल्यांत नळाला दाब किती असतो हे तिथे राहणाऱ्याला विचारा. एका घरात दहा जणांनी पहाटे चारला आंघोळी केल्या तर शेजारच्या तीन घरांना ते कळतं.

उचलायच्या त्या दोनच गोष्टी: मालकाने राहिलं पाहिजे ही अट, आणि नोंद क्रमांकाशिवाय जाहिरात नाही हा नियम.

पण लोक नोंद करतील का? आज करणार नाहीत, आणि त्याचा दोष मी लोकांना देत नाही. महापालिकेच्या कागदावर घराचं नाव एकदा आलं की पुढे काय होईल याची भीती आहे, आणि ती निराधार नाही. घरफाळा अनिवासी दराने लागला तर दोन खोल्यांचं वर्षाचं उत्पन्न त्यातच जाईल. विजेचा वापर घरगुती नाही असं ठरवलं तर २००३ च्या वीज कायद्याचं कलम १२६ आहे, त्यात दुप्पट दराने आकारणी होते. नगररचना विभाग मंजूर नकाशा मागेल. अग्निशमनचा नाहरकत दाखला, आरोग्य विभागाचा दाखला, परवाना विभागाचे हेलपाटे. प्रत्येक टेबलावर कुणीतरी ‘बघू’ म्हणणार. टोलविरोधात वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरून तो बंद पाडणारं हे शहर आहे. नवा कर मागल्या दाराने आणल्याचा वास जरी आला, तरी कोल्हापूरकर एकही अर्ज भरणार नाही.

म्हणून राहत्या मालकाची नोंद म्हणजे कराची सुरुवात नाही, हे महापालिकेने ठरावात लिहून दिलं पाहिजे. घरफाळा निवासी राहील. पाहिजे तर पाण्याच्या जादा वापराचे वेगळे पैसे घ्या, ते न्याय्य आहे. अर्ज गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट या चार विभागीय कार्यालयांतच घ्यावा. मुख्य इमारतीत कुणाला यायला लागू नये. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर नोंद झाली असं धरावं. तपासणी नोंदीनंतर व्हावी, आधी नको. आणि जे फक्त नवरात्रात आणि जोतिबाच्या यात्रेला खोल्या देतात, त्यांच्यासाठी हंगामी नोंद असावी; घरबसल्या फोनवरून दहा मिनिटांत होईल अशी.

कागद कोणते मागायचे, यावर मला थोडं अधिक बोलायचं आहे, कारण चांगले नियम इथेच मरतात. पेठांमधली कित्येक घरं बांधकाम परवानगीच्या आधीची आहेत. भोगवटा प्रमाणपत्र मागितलं तर मंदिराच्या आसपासचं जवळजवळ एकही जुनं घर पात्र ठरणार नाही, आणि राजारामपुरीच्या किंवा ताराबाई पार्काच्या नव्या इमारती तेवढ्या पात्र ठरतील. म्हणजे नेमकं उलटं. त्यात वाटण्या झालेल्या नाहीत. प्रॉपर्टी कार्डावर आजोबांचं नाव, खाली सात-आठ वारस, त्यातले दोन मुंबईत, एक बोलत नाही. सगळ्यांच्या सह्या आणा म्हटलं की तो अर्ज तिथेच संपला. काही ठिकाणी राहणारा माणूस जुना भाडेकरू आहे. तेव्हा घरफाळ्याची पावती, वीजबिल, राहणाऱ्याचं ओळखपत्र आणि स्वयंघोषणापत्र एवढंच मागावं. आणि ठळक अक्षरांत छापावं की ही नोंद मालकीचा पुरावा नाही आणि बांधकाम नियमित झाल्याचाही नाही. तसं नाही छापलं तर भाऊबंदकीच्या दाव्यांत हाच कागद हत्यार म्हणून वापरला जाईल.

ढिलाई कुठे नको? आगीत. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं, खासबागेला लागून असलेलं ते नाट्यगृह काही तासांत बेचिराख होताना शहराने उभ्याने पाहिलं. ते मोकळ्या जागेवर होतं, तिथे बंब पोचू शकत होते. पेठेतल्या गल्लीत सागवानी जिना, लाकडी तक्तपोशी, जुनी वायरिंग आणि वरच्या मजल्यावर घराची काहीच माहिती नसलेले दहा झोपलेले पाहुणे, हे चित्र नुसतं कल्पिलं तरी पोटात गोळा येतो. घरच्या माणसाला अंधारातही जिना कुठे आहे ते पायाला माहीत असतं. पाहुण्याला नसतं. म्हणून गॅस सिलिंडर जिन्याखाली नको, वायरिंग तपासलेली हवी, शॉक लागल्यास वीज तोडणारं उपकरण हवं, प्रत्येक मजल्यावर आग विझवायचा सिलिंडर हवा, आणि माडीवरून उतरायचा दुसरा मार्ग नसेल तर वर झोपणाऱ्यांच्या संख्येला कडक मर्यादा हवी. एवढ्यासाठी महापालिकेच्या अग्निशमन विभागाने स्वतः घरी जावं, फुकट जावं, आणि पहिल्या भेटीत दंड न करता काय बदलायचं ते सांगून यावं.

तसंच पुराचं. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी आहे ४३. २०१९ ला पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता. शुक्रवार पेठेत किंवा दुधाळीत उतरलेल्या सोलापूरच्या कुटुंबाला यातलं काय ठाऊक? आपत्ती व्यवस्थापनाकडे अशा घरांची यादी असेल तर इशारा पातळीच्या दिवशी एक संदेश जातो आणि माणसं वेळेत निघतात.

नोंदीच्या बाजूने मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा मुद्दा मात्र वेगळाच आहे, आणि तो सहसा कुणी काढत नाही. आज घरगुती खोली कुणाला द्यायची हे पूर्णपणे मालकाच्या मर्जीवर आहे. फोनवर आधी आडनाव विचारलं जातं. मग गाव. मग ‘खोली शिल्लक नाही’. ज्यांना हे ऐकावं लागतं त्यांना कारण कळतं. कारण कधी बोललं जात नाही, म्हणून तक्रारही कधी होत नाही.

या शहरात हे चालू द्यायचं? १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात करून ज्या शाहू राजाने एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली, त्यानेच १९१९ मध्ये हुकूम काढून धर्मशाळा, सरकारी इमारती आणि पाणवठ्यांवर अस्पृश्यता पाळायला बंदी केली. गंगाराम कांबळे या दलित समाजातल्या आपल्या माणसाला भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेतला. शंभर वर्षांपूर्वी त्या चहाला काय किंमत होती हे कोल्हापुरात सांगावं लागत नाही. पुढे हेच तत्त्व राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये आलं: दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणालाही अडवता येणार नाही.

आपल्या घरात जेवायला कुणाला बोलवावं हा प्रत्येकाचा खासगी निर्णय. पण दारावर पाटी लावून, दर सांगून, येईल त्याला खोली द्यायची म्हटल्यावर ते दार सार्वजनिक झालं. नोंद करताना स्वयंघोषणापत्रात एक वाक्य असलं पाहिजे, की जात-धर्म पाहून खोली नाकारणार नाही. नाकारल्याचं सिद्ध झालं तर नोंद रद्द. काही घरमालकांना हे रुचणार नाही. ‘आमच्या घरात देवघर आहे, सोवळं आहे’ असं ते म्हणतील. ज्यांना ते सांभाळायचं आहे त्यांनी ते जरूर सांभाळावं आणि घर घर म्हणूनच ठेवावं. पैसे घेऊन खोली द्यायची आणि गिऱ्हाइकाची जात पाहायची, या दोन्हींची मुभा एकत्र मिळणार नाही.

पाहुण्यांच्या माहितीबद्दलही दोन शब्द. आज घरोघरी आधार कार्डाचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवले जातात आणि मालकाच्या, त्याच्या पोराच्या, रिक्षावाल्याच्या फोनमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतात. वहीत नाव, गाव, फोन, येण्या-जाण्याची वेळ लिहावी, ओळखपत्र पाहून परत द्यावं. एवढं पुरेसं आहे. फसवणूक उलट्या बाजूनेही होते: एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने तीर्थक्षेत्रांच्या बनावट बुकिंग संकेतस्थळांबद्दल लोकांना सावध केलं होतं. महापालिकेच्या संकेतस्थळावर नोंद क्रमांक टाकून घर खरं आहे का ते पाहता आलं, तर सोलापूरहून आगाऊ पैसे पाठवणारी बाई तरी निर्धास्त होईल.

हॉटेल आणि लॉजवाल्यांचं दुखणं मला समजतं. ते परवाने घेतात, व्यावसायिक दराने वीज आणि घरफाळा भरतात, कामगार ठेवतात. शेजारचा फ्लॅट यातलं काही न करता त्यांच्याच दरात खोली देतो. ही तक्रार मालक न राहणाऱ्या फ्लॅटबद्दल शंभर टक्के योग्य आहे. माडीवरच्या दोन खोल्यांबद्दल नाही. जीएसटीतही सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणीची गरज नाही. लहानाला लहान म्हणून वागवण्याचं तत्त्व तिथे मान्य आहेच. घरगुती जेवण देणाऱ्यालाही उलाढाल लहान असेल तर अन्नसुरक्षेची साधी नोंद पुरते. आणखी एक गोष्ट हॉटेलवाल्यांनी आणि महापालिकेनेही ध्यानात घ्यावी. ॲपवरून खोली गेली आणि मालक जीएसटीत नोंदलेला नसला, तर कलम ९(५) प्रमाणे तो कर ॲपच्या कंपनीला भरावा लागतो. म्हणजे ते घर कंपनीला माहीत आहे आणि त्याच्या खोलीवरचा कर सरकारी तिजोरीत जातो आहे. ज्या विभागीय कार्यालयाच्या हद्दीत ते घर उभं आहे, पाणी जिथून येतं आणि कचरा जिथे जातो, तिथेच त्याचा पत्ता नाही.

कागदावर येण्याचा फायदा बायकांना सर्वांत जास्त होईल असं मला वाटतं. राज्याच्या २०२३ च्या ‘आई’ महिला पर्यटन धोरणात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा आहे. संडास नवं बांधायचं, वायरिंग बदलायची, जिना दुरुस्त करायचा, याच कामांसाठी पेठेतल्या बाईला पैसे लागतात. पण धंदाच कागदावर नसेल तर बँकेच्या दारात उभं राहून ती काय सांगणार?

उरतो तो भाडेकरूंचा प्रश्न, आणि तो मला सतावतो. सीपीआरमध्ये पेशंट असलेल्याचे नातेवाईक, एमआयडीसीतला कामगार, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलगी, अशांना महिन्याच्या भाड्याने मिळणाऱ्या खोल्या रोजच्या भाड्याकडे वळू लागल्या तर ते जाणार कुठे? महिन्याला जेवढं भाडं मिळतं तेवढं नवरात्रात चार दिवसांत मिळत असेल तर मालकाचा कल कुठे जाईल हे उघड आहे. असं किती प्रमाणात होतंय याचा आकडा महापालिकेकडे असायला हवा, आणि तो नोंदीशिवाय तयार होणार नाही. उद्या एखाद्या वॉर्डात मर्यादा घालायची वेळ आली तर ती अंदाजाने घालायची नसेल, तर मोजणी आजपासून व्हायला हवी.

आणि ही मोजणी महापालिकेच्या हद्दीवर थांबून चालणार नाही. १९७२ मध्ये महापालिका झाली तेव्हापासून शहराची हद्द तेवढीच, ६६.८२ चौरस किलोमीटर. सर्किट बेंचच्या कायमच्या इमारतीसाठी शेंडा पार्कची जागा ठरली आहे. तिथे न्यायालय गेलं की खोल्यांची मागणी आर. के. नगर, मोरेवाडी, पाचगाव, कळंबा या बाजूला सरकणार, आणि ती बरीचशी वस्ती ग्रामपंचायतींत आहे. शहरात नियम आणि रस्ता ओलांडला की मोकळं रान, असं झालं तर चार-पाच फ्लॅट बाळगणारा माणूस उद्याच रस्ता ओलांडेल. बेचाळीस गावांचं नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण २०१७ मध्ये स्थापन झालं ते अशाच कामांसाठी. महापालिका, प्राधिकरण आणि या ग्रामपंचायती यांनी नोंदीचा एकच नमुना, एकच क्रमांक-मालिका आणि राहत्या मालकाची तीच एक अट ठरवावी. नोव्हेंबर २०२० ला सभागृहाची मुदत संपल्यावर पाच वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, त्यामुळे असा प्रश्न मांडायला माणूस नव्हता. नव्या सभागृहाने हा ठराव पहिल्या वर्षात घ्यावा, आणि पेठांमधल्या हंगामी नोंदीची सोय येत्या नवरात्राच्या आधी सुरू करावी.